आईच्या चहातला दवाखाना

सासू रोज शेजारी जाऊन चहा पिते, ही भिवंडीजवळच्या आमच्या राहनाळ गावात साधी गोष्ट नाही. आमच्याकडे गोदामाला आग लागली तर लोक दुसऱ्या गोदामाला लागेपर्यंतच बोलतात. पण सासूने घरचा चहा सोडला, तर तो विषय पुढच्या पिढीला शिकवून जातात. माझ्या आईने, म्हणजे गोदूबाईने, हे एका सकाळी अचानक सुरू केलं, आणि माझ्यासारखा सरळमार्गी माणूस बाटल्या घेऊन गावोगाव हिंडू लागला.

त्या सकाळी करिष्माने, म्हणजे माझ्या बायकोने, नेहमीसारखा आईला चहा दिला. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"यात काय टाकलंस गो?"

"आलं."

"आलं न्हाय. दवाखाना टाकलास."

करिष्मा हसली. आई हसली नाही. पदर सावरून उठली, चपला घातल्या आणि भिंतीपलीकडे राहीबाईकडे गेली. तिथून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "राहीबाय, जरा चाय टाक. बरा वाटंल."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर आईने घरच्या कपाकडे पाहिलंही नाही. करिष्मा ओट्याशी उभी राहून कपातला चहा बेसिनमध्ये ओतत होती आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो होतो. आमच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली. या सगळ्या काळात या दोघी एकमेकींशी कधी भांडल्या नाहीत. भांडायचं झालं तर दोघी मिळून माझ्याशी भांडतात. अशी चालत आलेली व्यवस्था एका कपाने मोडावी, याचं मला फार वाईट वाटलं.

आळीत कुजबुज सुरू झाली. सून चहात साखर मोजून घालते इथपासून ते सून चहाच देत नाही इथपर्यंत ती पोचली. करिष्मा बाजारात गेली की बायका तिला उगाच विचारायच्या, "चहा झाला का?"

शेवटी मी ठरवलं, की आपण या प्रकरणाची शास्त्रशुद्ध चौकशी करायची. मी दापोड्याला एका ट्रान्स्पोर्ट कंपनीत बिलिंगला आहे. कुठल्या ट्रकमध्ये काय चढलं आणि काय उतरलं, यात माझी कधी चूक होत नाही. पाण्यात काय उतरलंय हे शोधणं कितीसं कठीण असणार?

आमच्याकडे पिण्याचं पाणी दोन ठिकाणी असतं. मी आणि करिष्मा मशीनचं, म्हणजे फिल्टरचं, पाणी पितो. आईला ते चालत नाही. "मशीनमदला पानी मेलेला लागतंय," असं तिचं मत आहे. तिच्यासाठी पडवीत नळाचं पाणी भरलेला वेगळा निळा ड्रम आहे, आणि तिचा चहाही त्याच पाण्याचा हवा असतो. मी त्यातलं पाणी प्यायलो. मला काही कळलं नाही. पण माझ्या नाकाने गेली कित्येक वर्षं कापडाच्या गाठींची धूळ खाल्लेली आहे. त्याची साक्ष कोर्टात टिकली नसती. म्हणून मी शेजारच्या धनेशला बोलावलं.

धनेशचे दोन टेम्पो आहेत आणि मतं अगणित. त्याने पाणी तोंडात घोळवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "खारट आहे. खाडी आत शिरतेय." त्याच्या बायकोला लोखंडाचा वास आला. माजी सरपंच काळूरामकाका दोन पेले प्यायले आणि "थंड आहे" असा निर्णय देऊन गेले. राहीबाई म्हणाली, "आमच्या नि तुमच्या नलाला एकच पाइप हाय. माज्या घरी बरा नि तुमच्या घरी वाईट, असा कसा व्हईल?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "केसरी, तुज्या आयशीला डॉक्टरला दाखव."

हे मात्र मला लागलं.

डॉक्टरांनी आईची जीभ पाहिली, डोळे पाहिले, दाब पाहिला. "वय झालं की चव फसवते," म्हणाले. आई चपला घालायला बाहेर गेली तसं त्यांनी हळूच विचारलं, "विसरतात का हो हल्ली काही? नसलेले वास येणं ही कधी कधी सुरुवात असते."

कसली सुरुवात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परत येताना रिक्षात आई एकेका गोदामाकडे बोट दाखवून तिथे आधी कुणाचं शेत होतं ते सांगत होती. मी प्रत्येक नाव मनातल्या मनात तपासून बघत होतो. घरी आल्यापासून मी तिची परीक्षाच घ्यायला लागलो. "आई, आज वार कुठला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"का? तुला कामावर सांगितला न्हाय?"

हे उत्तर बरोबर धरावं की चूक, मला कळेना. मग एका दुपारी तिने करिष्माला "बायजा" अशी हाक मारली. बायजाबाई ही माझी मावशी, पडघ्याला असते. कुणाचीही जीभ घसरते, माझी तर साहेबांसमोर रोज घसरते. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि तेव्हापासून मी देवाजवळ एक विचित्र मागणं मागायला लागलो. लोक घरात सुख-समृद्धी मागतात. मी हात जोडून म्हणत होतो, देवा, आमच्या पाण्यात विष निघू दे. थोडंच निघू दे, पण निघू दे. म्हणजे माझी आई ठीक आहे असं होईल.

धनेशने सांगितलं, की सॅम्पल घेताना नळ आधी सोडायचा, सुरुवातीचं पाणी जाऊ द्यायचं आणि मधलं भरायचं. मी त्याप्रमाणे स्वच्छ बाटली भरली आणि भिवंडीत नाक्यावरच्या लॅबमध्ये गेलो. बाहेर मोठ्या अक्षरांत 'सर्व प्रकारच्या तपासण्या' लिहिलेलं होतं. काउंटरवरच्या पोऱ्याने मान वर न करता विचारलं, "क्या है?"

"आईचं पाणी तपासायचंय."

"पेशंट का नाम?"

मला वाटलं, पाणी पिणाऱ्याचं नाव विचारतोय. मी आईचं नाव आणि वय सांगितलं.

"सुबह का है? पहिला छोडा था?"

"हां हां, पहिला छोडके बीच का लिया," मी अभिमानाने म्हणालो. एवढ्या काटेकोर पद्धतीचं त्याला कौतुक वाटलंसं दिसलं. त्याने बाटलीवर चिठ्ठी लावली.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. त्यात लिहिलं होतं, की गोदूबाईंच्या लघवीत साखर नाही, पस नाही, पण ती इतकी पातळ आहे की मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना तातडीने दाखवावं.

मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि याची वाच्यता करायची नाही असं ठरवलं. पण माझा शर्ट करिष्माने धुवायला घेतला, तेव्हा धनेशची बायको तिथेच उभी होती. पुढच्या रविवारी पडघ्याहून बायजामावशी, तिच्या दोन सुना आणि शहाळ्यांची गोणी असं सगळं आमच्या दारात उतरलं. मावशीने आईच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. "गोदे, किडनी गेली म्हंतात गो तुजी!"

आई म्हणाली, "कुटं गेली?"

त्या दिवशी दिवसभर मी शहाळी फोडत राहिलो.

पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथले साहेब चांगले होते. पाण्यात जंतू आहेत का एवढंच आपण बघतो, असं त्यांनी सांगितलं. "पण तुमची तक्रार वासाची. वासाला आमच्याकडे रकाना नाही." त्यांनीच ठाण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेचा पत्ता दिला.

तिथे हेमाली मॅडम भेटल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील, पण मी पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. लघवीच्या रिपोर्टपाशी त्यांनी रुमाल तोंडाला लावला, तेवढंच.

"दवाखान्यासारखा वास म्हणतात ना? मग फिनॉल बघू या," त्या म्हणाल्या. "फिनेलमध्ये असतं तसल्या जातीचं रसायन. पाण्यात अगदी नखभर असलं तरी चालत नाही." मग त्यांनी एक तपकिरी काचेची बाटली दिली. "प्लास्टिक चालणार नाही. तळाशी थोडं ॲसिड आहे, सॅम्पल टिकायला. बाटली विसळायची नाही. भरून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी आणा."

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते बाटली करिष्मापासून लपवण्याचं. आमच्या घरात तळाशी काही राहिलेली बाटली न विसळता राहू शकत नाही. मग सकाळी ती नळावर भरली. बर्फ मासळीवालीकडून आणला, डबा धनेशचा बोंबील आणायचा थर्माकोलचा, आणि तो स्कूटरच्या पुढ्यात पायांत धरून मी निघालो. नाक्यावरच्या खड्ड्यात स्कूटर गेली, डबा उडाला आणि आत 'टच्' असा आवाज झाला. मी तिथेच स्कूटर लावून झाकण उघडलं. बर्फ, काचा आणि बोंबलांचा वास. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते; मला रडावंसं वाटत होतं.

परत आलो तर धनेश दारातच. "एवढंच ना केसरीदादा? थांब." तो आत गेला आणि कुठूनशी एक तपकिरी काचेची बाटली घेऊन आला. काचेची होती, तपकिरी होती, झाकणही होतं. माझ्या हिशोबात तीनही अटी पूर्ण झाल्या होत्या. मी ती भरली, यावेळी रिक्षाने ठाण्याला गेलो आणि काउंटरवर देऊन आलो. मॅडम त्या दिवशी नव्हत्या.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता. "केसरीनाथजी, हे पाणी घरात कुणी पितंय का?"

"आई पिते."

"ताबडतोब बंद करा. फिनॉल आहे. प्रचंड आहे."

माझे डोळे भरून आले. "मॅडम," मी म्हणालो, "तुमचे फार फार उपकार झाले."

त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा, सावकाश वाचून दाखवला.

मी ऑफिसातून तडक निघालो, वाटेत पेढे घेतले आणि आळीत शिरतानाच वाटायला सुरुवात केली. माझी आई वेडी नव्हती! तिच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं! फक्त विष पीत होती! काळूरामकाकांना कमी ऐकू येतं. त्यांनी पेढा घेत विचारलं, "कसले रं?"

"फिनॉल निघालं, काका!"

"वा वा. नातू का? नाव जरा इंग्रजी वाटतंय, पन आता असलीच ठेवतात."

धनेशने लगेच गावासाठी टँकर मागवायचं जाहीर केलं, दोघांनी मोर्चाची भाषा सुरू केली आणि राहीबाईने आपला हंडा गटारात ओतला. त्या गर्दीत माझा फोन वाजला. पुन्हा हेमाली मॅडम.

"मला हा आकडा पटत नाहीये. एवढं फिनॉल असतं, तर वास रस्त्यापलीकडे आला असता. आणि बाटली आमची दिसत नाही. आधी काय होतं तिच्यात?"

मी फोन कानाला तसाच धरून धनेशला विचारलं.

"फिनेल," धनेश म्हणाला. "पण चांगली खंगाळली होती."

तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडात माझा पेढा होता. कुणी गिळेना, कुणी थुंकेना. शेवटी कुणीतरी मागून म्हणालं, "चला, किडनीचं तरी काय झालं मग?" आणि सगळे हसले. मी रिकामा बॉक्स घेऊन घरात आलो. माझी प्रतिष्ठा फार मोठी कधी नव्हती, पण जेवढी होती तेवढी त्या दिवशी आळीभर सांडली.

मी पडवीत खुर्चीवर बसलो होतो. आई आली आणि शेजारी पायरीवर टेकली. दिवेलागणीची वेळ होती. करिष्मा आत देवाजवळ होती.

"केसरी," आई म्हणाली, "तुला वाटतंय का रं, मना याड लागलाय?"

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. 

"मना पन तसाच वाटतंय," ती म्हणाली. "म्हनून त राहीबायकडं जातंय. तिथं चाय पिली का बरा लागतंय. मना वाटतंय, चला, जीब बरी हाय माजी. मंग घरी येतंय, तुमी देताव तो पितंय, नि परत दवाखाना. मंग रातभर वाटतंय, डोकाच गेला असंल." तिने आत देवघराकडे पाहिलं. "करिष्माचा चाय वाईट म्हनून न्हाय रं जात. तिला सांग. मना सांगाया लाज वाटतंय."

दारात काहीतरी हललं. करिष्मा निरांजन हातात धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत वळली आणि बराच वेळ देवघरातून बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेमाली मॅडमना फोन केला तो खरं तर माफी मागायला. बोलता बोलता आईचं ते बोलणं सांगून टाकलं. मॅडम एकदम म्हणाल्या, "थांबा. शेजारी बरं लागतं, तुमच्याकडे नाही. आणि नळ एकच?"

"एकच पाइप."

"मग नळाचं पाणी आणि आई पितात ते पाणी यांच्यामध्ये काय आहे?"

मी पडवीत उभा होतो. समोर निळा ड्रम होता.

या वेळी मॅडमनी आपला माणूसच पाठवला. दोन बाटल्या भरल्या गेल्या, एक नळाची, एक ड्रमची. आळी अंतर राखून उभी होती. धनेशला हात लावायची सक्त मनाई होती. रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत करिष्मा नळाचं ताजं पाणी कळशीत भरून आईला द्यायची, आणि आई भीत भीत एकेक घोट घ्यायची. काही बोलायची नाही. आम्हीही विचारायचो नाही. आम्ही तिघंही एकमेकांचा जीव सांभाळत घरात फिरत होतो.

रिपोर्ट आला. नळाचं पाणी स्वच्छ होतं. ड्रमच्या पाण्यात फिनॉल होतं. बाटलीएवढं अचाट नव्हे, पण असायला हवं त्याच्या कितीतरी पट. मॅडमनी समजावलं. असे ड्रम कारखान्यांतून निघतात, त्यांत आधी रसायन असतं. कुणीतरी ते धुऊन पाण्यासाठी विकतं. प्लास्टिकमध्ये मुरलेलं थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनशी मिळालं की त्याला तो दवाखान्याचा वास येतो. "काही जणांना तो लागतो, काहींना अजिबात नाही. तुमच्या आईंना लागला, हे नशीब समजा. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, पण काळजी करू नका."

मी रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवला. मला वाटलं होतं, घरात आनंद होईल. करिष्मा मटकन खाली बसली.

तो ड्रम तिनेच घेतला होता. दारावर ड्रम विकणारा टेम्पो आला होता, त्यातून. आईला माठाशी वाकावं लागतं, कंबर धरते, म्हणून तिने कमरेएवढ्या उंचीवर नळ बसवलेला ड्रम निवडून घेतला होता, दोनदा घासला होता आणि पडवीत आईच्या खोलीच्या दाराशीच ठेवला होता.

"मी विष पाजलं आईंना," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी "अगं, तसं नाही" वगैरे म्हणालो. नवऱ्याने म्हटलेल्या अशा वाक्यांचा आजवर कुणाला उपयोग झालेला नाही.

आई उठली. हळूहळू जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"रडतंस कशाला येडे? ड्रम घे म्हनून मीच त सांगितला व्हता तुला. निलाच घे, मीच बोलली. इसरलीस?"

करिष्मा रडायची थांबून तिच्याकडे बघायला लागली. मीही. तो ड्रम घरात आला तेव्हा आई पडघ्याला बायजामावशीकडे होती. मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटून घेतलं.

"आपला कुनाचाच डोका ठिकानावर न्हाय," आई म्हणाली आणि पदराने सुनेचं नाक पुसलं.

मग आळीतले निळे ड्रम बाहेर निघाले. त्या टेम्पोवाल्याचे ड्रम बऱ्याच घरांत होते. हेमाली मॅडमकडे रीतसर बाटल्या गेल्या. पण रिपोर्टची वाट बघायला कुणाला धीर नव्हता. बायका लोटे भरभरून आईकडे यायला लागल्या. आई ओट्यावर बसून वास घ्यायची आणि निकाल द्यायची. तिचे सगळेच निकाल खरे ठरले असं नाही. धनेशच्या घरचं पाणी तिने लांबूनच नापास केलं होतं. ते रिपोर्टमध्ये पास झालं. "रिपोर्ट चुकला असंल," आई म्हणाली. फिनेलची बाटली ती त्याला माफ करणार नव्हती.

त्या रविवारी दुपारी करिष्मा चहाला उठली, तर आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "तू बस. आज मी करतंय."

आईने कित्येक वर्षांत गॅसला हात लावला नव्हता. लायटर उलटा धरून तिने तो पेटवला कसा, ते तिलाच माहीत. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. करिष्मा दोनदा उठायला गेली, दोनदा मी खुणेने बसवली. शेवटी आई ट्रे घेऊन आली. एकही थेंब सांडला नव्हता. तिने पहिला कप सुनेला दिला, दुसरा मला, आणि आमच्याकडे बघत समोर बसली.

मी घोट घेतला. चहात साखरेच्या जागी मीठ होतं. चांगलं सढळ हाताने.

मी करिष्माकडे पाहिलं. करिष्मा माझ्याकडे पाहत होती. डॉक्टरांचा तो प्रश्न आम्हा दोघांच्याही डोळ्यांत एकदम उभा राहिला असावा. करिष्माने कप पुन्हा तोंडाला लावला, एक मोठा घोट घेतला आणि म्हणाली, "छान झालाय, आई."

"मस्तच," मी म्हणालो आणि अर्धा कप डोळे मिटून संपवला.

आई समाधानाने हसली. तिने आपला कप उचलला, फुंकर मारली, घोट घेतला. आणि तोंड वाकडं करून तिथेच थांबली. कप खाली ठेवला. आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या अर्ध्या झालेल्या कपांकडे.

"यात मीठ पडलाय," ती म्हणाली. "तुमाला कललाच न्हाय? दोघांना पन?"

 करिष्माला हसू यायला लागलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबेना.

"हसतंस काय?" आई म्हणाली. तिचा आवाज खराखुरा काळजीचा होता. "केसरी, उद्याच्याला रजा टाक, नि तुज्या त्या ठान्याच्या मॅडमला इचार. तुमा दोघांच्या जिबा तपासून देतंय का म्हनावं."